नदीकाठच्या कड्यावर चढाई : या चुका टाळा

नदीकाठच्या कड्यावर आधी वरून दोराने खाली उतरायचं (रॅपलिंग) आणि मग चढून वर यायचं. तिथे जाणारे नवखे एकच विचारतात : रूट (चढाईचा मार्ग) किती अवघड आहे? परत वर कसं यायचं, हे खाली पोचल्यावर आठवतं.

सगळ्यात जुनी खोड म्हणजे वरून दोर भिरकावणं. 60 मीटरचा दोर दुमडला की 30 मीटरचे दोन पदर. कडा 22 मीटरचा असेल, तर उरलेले आठ-आठ मीटर थेट पाण्यात. प्रवाह ते ओढू लागला की बिले डिव्हाइसखालचा (कमरेला अडकवलेल्या, दोर रोखणाऱ्या साधनाखालचा) दोर ताणला जातो, ब्रेक बसतो आणि उतरणारा मध्येच लटकतो. कसाबसा खाली आला, तरी टोकाची गाठ पाण्याखालच्या दगडांत रुतलेली. मग कुणीतरी ती सोडवायला पाण्यात उतरतो. खरा धोका हा. दोर पायात गुरफटला, तर प्रवाह माणसाला पाण्याखालीच दाबून धरतो. हाताशी येईल तिथे दोर कापा, पाण्यात जाऊ नका.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून टाळला जातो. टोकांना गाठी मारायच्या, वीतभर शेपूट ठेवायचं, दोन्ही पदर बॅगेत भरायचे आणि बॅग हार्नेसला (कमरेच्या सुरक्षा-पट्ट्याला) लटकवायची. उतराल तसा दोर सुटत जातो. एवढाही धीर नसेल, तर चढाईची कृत्रिम भिंत बरी.

दुसरी चूक : रॅपलिंगचा दोर ओढून घेणं, आणि मग रूट झेपत नाही असं लक्षात येणं. वेगळा स्टॅटिक (फारसा न ताणला जाणारा) दोर वर बांधून ठेवा, कड्याच्या धारेवर रोप प्रोटेक्टर (दोर घासू नये म्हणून आवरण) घाला. प्रत्येकाकडे दोन जुमार (दोर पकडून वर सरकवायचे क्लॅम्प), नाहीतर 6 मिमी कॉर्डचे दोन प्रुसिक (दोराभोवती आवळणारे फास) हवेत. प्रुसिकवर चढायचा सराव आधी झाडावर करा. फोनवर बघून येत नाही ते.

वरच्या अंगाला धरण असेल, तर निरभ्र आभाळावर विसंबू नका. पाण्यालगतचा एक दगड हेरून ठेवा. तो बुडाला, पाणी गढुळलं किंवा काटक्या वाहत आल्या, की लगेच वर.

पूररेषेखालचे होल्ड (हात-पाय टेकवायच्या जागा) गाळाने निसरडे असतात, आणि तिथे खडकात ठोकलेल्या बोल्टवर डोळे झाकून भरवसा नको. भिजलेला वालुकाश्म वरून सुकला तरी आतून ओला राहतो, होल्ड तुटतात. अशा वेळी चढूच नका. आग्यामोहोळ किंवा पक्ष्याचं घरटं दिसलं तर रूट बदला. वाट कुणाच्या शेतातून जात असेल तर आधी विचारा. एका उद्धट टोळीमुळे कडा सगळ्यांनाच बंद होतो.

पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. दोराला तीन ठळक हिसके म्हणजे ‘अँकरला बांधलो, बिले काढ’ (वरच्या पक्क्या आधाराला बांधलो, आता खालून माझा दोर सांभाळणं थांबव), असं खालीच ठरवा. हिसके दोन होते की तीन, अशी शंका आली तर बिले चालूच ठेवायचा.