चंद्र निम्म्यावर आला तर ओपाच्या नळाला काय येईल? विज्ञानकथेचा हिशेब

विज्ञानकथेत एक थाप माफ असते. चंद्र जवळ आला, काळात मागे जाता आलं, प्रकाशापेक्षा वेगाने यान पळालं, यांतलं काहीही एक. ती थाप पहिल्या दोन पानांत मारून मोकळं व्हायचं आणि पुढचं सगळं ठाऊक असलेल्या विज्ञानाने चालवायचं. नव्या लेखकांचं बहुधा उलटं होतं. पहिली थाप सावरायला दुसरी, दुसरी सावरायला तिसरी. वाचक पहिली आनंदाने गिळतो, तिसरीला पान उलटतो.

थाप निवडताना तिला आकडा चिकटवता येतो का ते आधी पाहावं. ‘निसर्गाचा तोल ढळला’ यातून काहीच मोजता येत नाही. ‘चंद्र आजच्या निम्म्या अंतरावर आला’ यातून जवळजवळ सगळं मोजता येतं, तेही शाळेतल्या भौतिकशास्त्रावर. हेच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. गोव्यात बसून लिहिणाऱ्याला ते सोयीचंही आहे, कारण त्याचे परिणाम दाराशी येतात, पार पणजीला पिण्याचं पाणी देणाऱ्या ओपाच्या प्रकल्पापर्यंत.

चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. ते १,९२,२०० केलं की चंद्र दुप्पट रुंद दिसेल, त्याची थाळी चौपट होईल आणि पौर्णिमेचा उजेडही साधारण चौपट. बहुतेक कच्च्या कथा इथेच थांबतात, कारण चित्र देखणं आहे. पण हा पहिल्या पायरीचा परिणाम झाला, आणि तो कुणालाही सुचतो.

दुसरी पायरी भरतीची. भरती चंद्राच्या नुसत्या ओढीने येत नाही. पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंवरच्या ओढीत जो फरक पडतो, त्याने येते. हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून अंतर निम्मं झालं की तो आठपट. आता गोव्याच्या मुरगाव बंदरात उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक सुमारे २ मीटर असतो. त्याला सरळ ८ ने गुणून १६ मीटर लिहिलं की चूक झाली, आणि जाणता वाचक ती लगेच पकडतो. उधाणात सूर्याचाही वाटा असतो. ढोबळमानाने चंद्राचा १.४ मीटर, सूर्याचा ०.६. आठपट होतो तो फक्त चंद्राचा वाटा: ११.२. त्यात सूर्याचे ०.६ मिळवले की उधाणाचा फरक सुमारे १२ मीटर.

आता भांगाचा, म्हणजे सगळ्यात लहान भरतीचा हिशेब करा. अष्टमीच्या आसपास सूर्य चंद्राच्या काटकोनात ओढतो आणि चंद्राची भरती कमी करतो, म्हणून वजाबाकी. आज १.४ वजा ०.६, म्हणजे ०.८ मीटर. नव्या जगात ११.२ वजा ०.६, म्हणजे १०.६. आजचं उधाण भांगाच्या अडीचपट आहे. नव्या जगात दोघांत जेमतेम एका मीटरचा फरक उरतो, तोही दहा-बारा मीटरांच्या उंचीवर. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) कधी टाकायची, तिसऱ्या (शिंपल्या) काढायला कधी उतरायचं याचे सगळे अंदाज उधाण-भांगावर बसलेले असतात, आणि तो भेदच पुसला जातो. आकडेमोड केल्याशिवाय हा तपशील कुणालाही सुचणार नाही. कथेला श्रीमंती येते ती अशाच तपशिलांनी.

काळाचं गणित विसरू नये. केप्लरच्या नियमाने प्रदक्षिणेचा काळ अंतराच्या घनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. अंतर निम्मं, तर काळ २.८३ पटींनी कमी. २७.३ दिवसांचे ९.६५ दिवस. पृथ्वीही सूर्याभोवती सरकत असल्याने पौर्णिमा ते पौर्णिमा थोडं जास्त, सुमारे ९.९ दिवस. म्हणजे वर्षाला बारा-तेराऐवजी ३७ पौर्णिमा. तिथी आठ तासांची, एका दिवसात तीन. पंचांगकर्त्यांचं काय होईल आणि घरोघरची चवथ नेमकी कुठल्या चतुर्थीला धरायची, या वादावर एक स्वतंत्र कथा उभी राहील, आणि ती विनोदीही लिहिता येईल.

किनाऱ्यावर भरतीचा एक जुना अंदाज चालतो: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा ठोकताळा नव्या जगातही टिकतो, कारण तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातला कोन, आणि भरतीची वेळ त्याच कोनावर ठरते. बदलतो तो वेग. आज दोन भरत्यांत १२ तास २५ मिनिटं जातात, नव्या जगात १३ तास २१ मिनिटं. आजची भरती उद्या ५० मिनिटांनी उशिरा येते, तिथे दोन तास चाळीस मिनिटांनी. फेरीबोटीचं वेळापत्रक आखणारं पात्र कथेत असेल, तर त्याच्या डोक्याचं भजं होणार हे नक्की.

तिसरी पायरी माणसांची. १२ मीटरांचा फरक म्हणजे मध्यपातळीच्या वर ६ आणि खाली ६. आज वर-खाली एकेक मीटर आहे. म्हणजे भरतीचं पाणी आजच्यापेक्षा ५ मीटर उंच. मांडवी नदीतल्या दिवाडी-चोडण बेटांवरची खाजणं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं) पाण्याखाली, हे उघड आहे. पण ती कशी जातील ते लिहा. मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची) दारं ओहोटीला आपोआप उघडतात आणि भरतीच्या दाबानेच मिटतात. पाणी बांधाच्या माथ्यावरून यायला लागलं की मिटलेलं दार उलटं काम करतं, आत आलेलं खारं पाणी बाहेर जाऊ देत नाही, निदान ओहोटी पुरेशी उतरेपर्यंत. कोरगुट भात खारटपणा सोसतं, पण तेही एका मर्यादेपर्यंतच. उलट ओहोटीला पाणी आजच्यापेक्षा ५ मीटर खाली जाईल, आणि मांडवीची सरासरी खोलीच ५ मीटरांच्या घरात आहे. पणजीसमोरची कॅसिनोची जहाजं दिवसातून दोनदा चिखलात बसतील. (हे दृश्य लिहिण्याचा मोह आवरू नये.)

आणि भरती आजही मांडवीत चाळीस-पन्नास किलोमीटर आत पोचते. ती उंच झाली की मीठ आणखी वर सरकेल, खांडेपार नदीकडे. पणजी-फोंड्याचं पिण्याचं पाणी ओपाहून येतं. तेव्हा पुराच्या ऐन मध्यावर शहरात टँकरच्या रांगा लागतील. चंद्रापासून सुरुवात करून नळापर्यंत आलो, आता कथा सुरू करता येईल. नायक खगोलशास्त्रज्ञ नसला तरी चालेल. ओपाच्या प्रकल्पावर रात्रपाळीला पाण्याची क्षारता मोजणारी बाई जास्त कामाची.

या हिशेबात काय लपलं आहे तेही माहीत हवं. खाडीत घर्षण असतं, मुखाचा आकार आणि उथळ तळ लाट वाढवतात किंवा दाबतात. म्हणून कथेत ‘दहा-बारा मीटर’ लिहा, ‘११.८’ नको. दशांशचिन्ह दिसलं की वाचक ते तपासायला बसतो.

यासाठी एक वही ठेवावी. पानाचे चार रकाने: काय गृहीत धरलं, आकडा किती, कुठून घेतला, कुणाच्या पोटावर पाय येतो. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो आकडा कथेत घ्यायचा नाही, कितीही आवडता असला तरी. पंधरा-वीस ओळी भरल्या की त्यांतल्या तीन-चार कथेत उतरतात, बाकीच्या लेखकाला चुकीपासून वाचवतात. एककांच्या चुका सगळ्यात जास्त होतात: १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, आणि प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे.

समुद्राखालच्या कथा गोव्यात बऱ्याच सुचतात, आणि त्या दोन ठिकाणी हमखास घसरतात. पहिलं, खोली. दोनापावल्याहून निघून तासाभरात हजार मीटर खोल बुडी मारता येत नाही. इथे किनाऱ्यापासून जवळजवळ शंभर किलोमीटरपर्यंत तळ उथळच असतो. ९ नॉटने जाणाऱ्या ट्रॉलरला ते अंतर कापायला सहा तास लागतील. या सहा तासांत पात्रांना बोलू द्या, कथेचा फायदाच आहे. दुसरं, खिडकी. हजार मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० किलो भार पडतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल खिडकीचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तिच्यावर ३२ टन. हॉटेलच्या लॉबीसारख्या काचेच्या भिंती तिथे नसतात. भारताच्या मत्स्य ६००० या पाणबुडीत तिघांनी बसायचा टायटॅनियमचा गोल आतून फक्त २.१ मीटर व्यासाचा आहे, यावरून कोंदटपणाचा अंदाज घ्यावा. खालून वर रेडिओवर गप्पाही मारता येत नाहीत, खारं पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. आवाज चालतो, सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत सव्वा सेकंदाहून जास्त पोकळी. संवाद लिहिताना ती पोकळी वापरता येते. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरांमध्ये प्राणवायू अत्यंत कमी असलेला थर आहे, म्हणून तिथे माशांचे थवे नाचवू नयेत.

अंतराळाचं थोडक्यात. यानाला प्रकाशाच्या एक दशांश वेगाने न्यायचं असेल तर विजेचं बिल काढा. एक किलो वस्तुमानाला सुमारे ४.५ × १०^१४ ज्यूल, म्हणजे साडेबारा कोटी युनिट. सत्तर किलोच्या एका माणसाला, यान सोडून, ८७५ कोटी. ही ऊर्जा कोण देतंय, आणि कुणाची कापून, हा प्रश्न कथेत आला पाहिजे. मंगळाशी बोलताना एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात, तेव्हा भांडण फोनवर होत नाही, पत्रांतून होतं. फिरत्या यानात कृत्रिम गुरुत्व हवं असेल तर मिनिटाला दोन फेऱ्यांसाठी त्रिज्या २२४ मीटर लागते. १० मीटर त्रिज्येत ते बसवलं तर मिनिटाला साडेनऊ फेऱ्या, आणि प्रवाशांना उलट्या.

राक्षसी कुर्ली (खेकडा) हवी असेल तर: लांबी शंभरपट केली की वजन दहा लाखपट, पायांचा छेद मात्र दहा हजारपट. पायांवरचा ताण शंभरपट. ती जमिनीवर उभीच राहणार नाही. पाण्यात ठेवली तर निभेल, पण कात टाकल्यावर मऊ पडते तेव्हा तिचं काय, हे लिहा.

हिशेब झाला की विचारायला माणसं गोव्यातच आहेत. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. वास्कोला सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकातल्या तळांचा कारभार तिथूनच चालतो. ताळगाव पठारावर विद्यापीठ आहे. जुन्या गोव्यात किनारी शेतीची संस्था आहे, खाजणाबद्दल तिथे विचारावं. ईमेलमध्ये अख्खी कथा पाठवू नका. पाच ओळींत गृहीतक, आपण काढलेला आकडा आणि तीनच प्रश्न. ‘हे शक्य आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं आणि पत्रव्यवहार संपतो. ‘मांडवीच्या मुखाशी भरतीचा फरक १२ मीटर झाला तर सगळ्यात आधी काय मोडेल?’ असं विचारलं तर शास्त्रज्ञ कागद ओढून बसतो. भरतीच्या रोजच्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकांत मिळतात, त्यांत मुरगाव आहे. आजच्या काळातली कथा असली तरी ती उघडून पाहावीत. पौर्णिमेच्या रात्री समुद्र भांगात दाखवलेल्या कथा छापून येतात, आणि त्या वाचून कोळी हसतात.

लिहिताना हे सगळं गिळून टाकायचं. प्राध्यापक काका भाच्याला समजावून सांगतात, तो प्रसंग काढून टाका. माहिती हातातल्या कामातून येऊ द्या: मानस अडकली, मीटरचा काटा लाल झाला, टँकरवाल्याने भाव वाढवला. एका पानावर दोनच आकडे, तेही पात्राला गरज असेल तर. कच्चा खर्डा एकदा विज्ञान जाणणाऱ्याला आणि एकदा विज्ञानाशी घेणंदेणं नसलेल्या वाचकाला द्यावा. पहिला जिथे भुवया उंचावतो ती चूक. दुसरा जिथे जांभई देतो ते व्याख्यान, ते कापायचं.

पाठवायचं तर बहुतेक दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा कथा मे महिन्यापर्यंत हातात हवी. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथा स्पर्धा घेते. शब्दमर्यादा आणि मुदत त्या वर्षाच्या पत्रकातून घ्यावी, जुन्या कात्रणांवरून नव्हे. वहीचं पान कथेला जोडू नका, पण जपून ठेवा. संपादकाचा फोन आला आणि त्याने ‘हे बारा मीटर कुठून आणले?’ असं विचारलं, तर उत्तर दोन मिनिटांत देता आलं पाहिजे.