सेकंड हॅन्ड गाडी घेताय? आधी चासी नंबर बघा
जुनी गाडी बघायला गेलात की रंग, सीट, म्युझिक सिस्टीम नंतर बघा, आधी चासी नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतःचा वेगळा ओळख नंबर शोधा, कारण चोरीची गाडी विकताना बऱ्याचदा तोच बदललेला असतो. हल्लीच्या गाड्यांमध्ये हा नंबर 17 अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे यातलं एक जरी दिसलं तरी तिथूनच परत फिरा. पुढच्या काचेखाली डॅशबोर्डवर, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आणि बॉडीवर ठोकलेला, जिथे जिथे असेल तिथे सगळीकडे नंबर सेम पाहिजे आणि कागदावर पण तोच. मोबाईलचा टॉर्च लावून नीट बघा, आजूबाजूला घासल्याचे ओरखडे, तेवढ्याच भागात नवा रंग, एखादा आकडा वाकडा किंवा कमीजास्त खोल, प्लेटचे रिव्हेट वेगळे, असं काही दिसलं तर नंबर बदललेला असू शकतो. ओळखीचा मेकॅनिक असेल तर त्याला स्कॅनर लावायला सांगा, बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पण हाच नंबर असतो आणि तो बदलायचं चोरांच्या बऱ्याचदा लक्षात राहत नाही.

आणि प्लीज फक्त फोटो किंवा झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, ओरिजिनल कागद हातात घ्या, मालकाचं ओळखपत्र जुळवा, सरकारी रेकॉर्डला नंबर टाकून बघा. विकणारा घरी न बोलवता कुठल्यातरी पार्किंगमध्येच भेटतो म्हणतो, चावी एकच आहे, भाव बाजारापेक्षा फारच कमी आणि आजच कॅश द्या म्हणून घाई करतो, अशा वेळी टोकन सुद्धा देऊ नका कारण चोरीची निघाली तर गाडी पोलीस नेतात आणि पैसे परत मिळणं फार अवघड असतं.