एका नावाच्या दोन कमांड: या चुका टाळा

दर नव्या बॅचमध्ये कोणीतरी पहिला सी प्रोग्राम लिहितो, त्याला ‘टेस्ट’ नाव देतो, ‘टेस्ट’ टाइप करून एंटर दाबतो आणि स्क्रीनकडे बघत बसतो. एरर नाही, आउटपुट नाही. मग पोरगं घाईघाईने कंपायलरच पुन्हा इन्स्टॉल करतं! अरे, ‘टेस्ट’ नावाची कमांड बॅशच्या, म्हणजे लिनक्सवर आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या शेलच्या, पोटातच आहे. तीच चालली, आणि ती काही छापत नाही. ‘टाइप डॅश ए टेस्ट’ मारून बघा, या नावाचं कुठे कुठे काय आहे ते दिसेल. कमांड कुठे आहे ते सांगणाऱ्या ‘विच’वर विसंबू नका, त्याला फक्त पाथमधल्या, म्हणजे शेल जिथे कमांड शोधतो त्या फोल्डरांतल्या, फायली दिसतात. आपला प्रोग्राम चालवायला पुढे डॉट-स्लॅश लावा. मी तर हे नावच देत नाही.

माझी स्वतःची चूक याहून महागात पडली. रात्रपाळी, सोलारिसचा (युनिक्सचा एक प्रकार) सर्व्हर, मी रूट, म्हणजे सगळे अधिकार हातात. अडकलेली एक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, मारायची होती. लिनक्सवर ‘किलऑल’ला प्रोसेसचं नाव द्यायचं; नुसतं ‘किलऑल’ मारलं तर वापरायची रीत छापून येते. मला पर्याय आठवेनात, म्हणून सवयीने तेच केलं. सोलारिसवरचं ‘किलऑल’ मात्र मशीन बंद करतानाच्या कामाचं. त्याला नावगाव लागत नाही, सरसकट सगळं मारतं. टर्मिनल गेलं, डेटाबेस गेला, पुन्हा लॉगिनही होईना. सर्व्हर रूमची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. सगळं उभं राहीपर्यंत पहाटेचे चार वाजले. तेव्हापासून लिनक्सवरही मी ‘किलऑल’च्या वाटेला जात नाही. आधी ‘पीग्रेप डॅश एल’ने नावाला जुळणाऱ्या प्रोसेस बघायच्या, यादी डोळ्यांनी वाचायची, मगच त्या मारणारं ‘पीकिल’. ही जोडी मुळात सोलारिस ७ मधली, आता लिनक्सवरही आहे. दहा सेकंद जास्त जातात, जाऊ देत.

विंडोजवर पॉवरशेल ५.१ या शेलमध्ये प्रिंटिंगची ‘स्पूलर’ सर्व्हिस थांबवायला ‘एससी स्टॉप स्पूलर’ मारलं तर ती थांबत नाही. ‘स्टॉप’ नावाची फाइल तयार होते आणि आत ‘स्पूलर’ एवढाच शब्द. तिथे ‘एससी’ म्हणजे ‘सेट-कंटेंट’, फाइलमध्ये मजकूर लिहिणारी कमांड. सर्व्हिसवाली हवी तर पूर्ण ‘एससी डॉट ईएक्सई’ लिहा. न वाचता कॉपी-पेस्ट करणारे या फायलींवरून लगेच ओळखू येतात.

‘फाइंड’ लिनक्सवर फायली शोधतं, विंडोजवर फायलींतला मजकूर.

फायलींची नावं बदलणाऱ्या ‘रीनेम’चं तसंच. डेबियन आणि फेडोरा दोन्ही लिनक्सच, पण डेबियनवरचं पर्ल भाषेतला पॅटर्न मागतं, फेडोरावरचं साधे शब्द. दोन्हीकडे आधी ‘डॅश एन’ आणि ‘डॅश व्ही’ लावा, म्हणजे काही न बदलता काय बदलणार ते दिसतं.