व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा: सकाळी जा, रात्री जेवायला घरी या

लेकीकडे व्हिएन्नाला राहिले होते तेव्हा हा प्रवास मी तीनदा केला. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकिया, दोन देशांच्या राजधान्या, पण सरळ रेषेत अंतर जेमतेम ५५ किलोमीटर! रस्त्याने ८०च्या आसपास, म्हणजे पुणे-लोणावळ्याहून थोडं जास्त.

व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनवरून रेल्वे पकडा, साधारण तासाभरात पोचाल. फक्त गाडी ‘ह्लावना स्तानित्सा’ला (म्हणजे तिथल्या मुख्य स्टेशनला) जाते की ‘पेत्रझाल्का’ला, हे आधी बघा. ब्रातिस्लावा हे नाव दोन्हींच्या पुढे असतंच. पहिल्या खेपेला मी खुशाल पेत्रझाल्काला उतरले, आणि जुनं गाव डॅन्यूब नदीच्या पलीकडे! मग डब्याची पिशवी सावरत बस शोधत फिरले. (थालीपीठं तिथेच बाकावर संपली, ते बरंच झालं.)

उन्हाळ्यात हौस असेल तर व्हिएन्नातल्या श्वेडनप्लाट्झ चौकाजवळून बोट घ्या. जाताना सव्वा तास लागतो, येताना प्रवाहाविरुद्ध दीड. रेल्वेपेक्षा बरीच महाग, म्हणून मी जाताना बोट आणि परतीला रेल्वे असं जमवलं.

शेंगेन व्हिसा आणि युरो दोन्हीकडे चालतात. पासपोर्ट मात्र पर्समध्येच असू द्या, डब्यात कधीमधी तपासतात.