सोनं कुणाला मिळालं ते शेवटी बघा: एन्नीची यादी वाचायची माझी रीत

दिवाळीत बेळगावात आमच्या अनगोळच्या गल्लीत किल्ल्यांची स्पर्धा असायची. मी सातवीत होतो त्या वर्षी मोठ्या पोरांनी मतदान ठेवलं. बिस्किटाचा रिकामा डबा, झाकणाला चीर, वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या दोघा भावांनी पुरंदर केला होता. टाक्यात खरं पाणी, माचीवरून बालेकिल्ल्याला जाणारी वाट, उतारावर अळीव तरारून आलेले. जिंकला मात्र वळणावरच्या घरासमोरचा किल्ला. तो वाईट नव्हता, पण दूध आणायला जाणारा प्रत्येकजण तो बघतच जायचा, आणि टोकापर्यंत फार कोणी गेलंच नव्हतं. चिठ्ठ्या मी मोजल्या. मोजणीत एका मताची चूक नव्हती. तरी ते दोघे भाऊ डब्याकडे बघत उभे होते ते मला आजही दिसतं.

आता मी उद्यमबागेत एका कारखान्यात तपासणीला आहे आणि रविवारी दुपारी घराच्या मागच्या खोलीत रोलप्लेइंग गेम चालवतो, म्हणजे पुस्तकातले नियम आणि फासे घेऊन, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन टेबलाभोवती मिळून गोष्ट घडवायचा खेळ. दोन गट मिळून आम्ही अकरा जण. खानापूर, निपाणीकडची पोरं विचारतात, ‘दादा, पहिलं पुस्तक कुठलं घेऊ?’ बहुतेकांनी तोवर एन्नी पुरस्कारांची यादी उघडून सुवर्ण कुणाला ते पाहिलेलं असतं. मी त्यांना सांगतो ते इथे सविस्तर लिहितो.

पुरस्कार ठरतो कसा, ते आधी नीट समजून घ्या. आपल्या छंदातला सगळ्यात माहितीचा लोकमताचा पुरस्कार म्हणजे एन्नी. तो 2001 मध्ये सुरू झाला आणि 2002 पासून जेन कॉन या अमेरिकेतल्या मोठ्या मेळाव्यात दिला जातो. हा मेळावा 2003 पासून इंडियानापोलिसला भरतो. प्रकाशक आपली पुस्तकं स्वतः पाठवतात. पाच परीक्षक ती वाचून प्रत्येक विभागात साधारण पाच नामांकनं काढतात. हे परीक्षकसुद्धा लोकांच्या मतांनीच निवडलेले असतात. मग जुलैत ऑनलाइन मतदान होतं, जगात कुठूनही, फुकट. शेवटी प्रत्येक विभागात एक सुवर्ण आणि एक रौप्य.

म्हणजे इथे दोन वेगवेगळ्या तपासण्या आहेत. आमच्याकडे शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने बघतात आणि कठीणपणा दुसऱ्या यंत्रावर. एका आकड्यावरून दुसरा कळत नाही. एन्नीचंही तसंच. परीक्षकांची यादी सांगते की ही पाच पुस्तकं कुणीतरी ढीगभर पुस्तकं चाळून वेगळी काढली. लोकांचं मत सांगतं की या पाचांतलं कुठलं जास्त घरांत पोचलं आणि तिथे आवडलं. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, पण मोठ्या प्रकाशकाचं पुस्तक आधीच हजारो कपाटांत असतं आणि दोन माणसांनी रात्री जागून केलेलं पुस्तक नसतं. वळणावरचा किल्ला आणि टोकाचा किल्ला.

म्हणून माझी रीत अशी की पाचही नामांकनं एका रांगेत ठेवायची आणि सोनं-चांदी झाकून वाचायचं. त्यानंतर परीक्षकांची खास पसंती बघायची. तिथे प्रत्येक परीक्षक एकट्याच्या जबाबदारीवर एकच गोष्ट निवडतो, लोकांचं मत त्यात नसतं. टोकाचे किल्ले मला जास्त तिथेच सापडले आहेत. उलट, चाहत्यांच्या आवडत्या प्रकाशकाचा जो पुरस्कार आहे, तो कुठलं पुस्तक घ्यावं हे ठरवायला वापरू नका. त्यातून प्रकाशकाचा लोकसंग्रह कळतो, एवढंच.

हे मी पैसे घालवून शिकलो. पहिल्या वर्षी मी सरळ सुवर्णविजेतं पुस्तक मागवलं. टपालखर्च आणि कर धरून किंमत जवळजवळ दुप्पट झाली. पुस्तक खरोखर सुंदर होतं, आजही कपाटात आहे. पण आमच्याकडे दुपारचे तीनच तास असतात, आणि पहिला रविवार पात्रं तयार करण्यातच संपला. दुसऱ्या रविवारी एका लढाईला दोन तास लागले. आमच्यातला एकजण घरी कन्नड बोलतो, मराठी चांगलं समजतं, पण इंग्रजी नियमांची ती पानंच्या पानं त्याला जड गेली. तो हळूच म्हणाला, ‘दादा, मी नुस्तं बसलोय की.’ ते वाक्य मला लागलं. त्या पुस्तकाला मत देणारे कोण होते? दर आठवड्याला पाच तास बसणारे, इंग्रजीत खेळणारे, त्याच खेळाच्या घराण्यातले आधीचे नियम पाठ असणारे. त्यांनी खरंच मत दिलं होतं, फक्त ते माझ्या टेबलावर बसलेले नव्हते.

मग मी त्याच वर्षाची यादी पुन्हा उघडली आणि मोफत साहित्याच्या विभागात गेलो. तिथे नामांकन मिळून हरलेली एक छोटी पीडीएफ होती. कॉलेज रोडवर प्रिंट काढली, पात्राचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत हाताने लिहिला. त्यावर आम्ही अकरा रविवार खेळलो.

तेव्हापासून यादीला हात लावण्याआधी मी आपल्या टेबलाबद्दल चार ओळी कागदावर लिहितो: किती जण, किती वेळ, कुठली भाषा, नियम कोण वाचणार. तुम्हीही लिहा. त्या ओळी समोर ठेवूनच विभाग निवडायचा. नवीन गट असेल तर मोफत साहित्य आणि कुटुंबासाठीचे खेळ हे विभाग आधी. गट जुना आणि गोष्टी संपल्या असतील तर उत्तम साहसकथा. ‘वर्षातलं उत्पादन’ सगळ्यात शेवटी, कारण तिथे वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या असतात. नामांकनातलं पुस्तक विकत घेण्याआधी त्याची नमुन्याची पानं कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना तुम्हीच अडखळलात तर टेबलावरही अडखळाल.

पुरस्कारांची नावं एकमेकांत मिसळू नका. खेळांच्या क्षेत्रातल्या उत्तम कामाचा डायना जोन्स पुरस्कारही 2001 मध्येच पहिल्यांदा दिला गेला, पण तो लोकमताने नाही, समिती ठरवते. जर्मनीतला श्पील देस यारेस 1979 पासून दिला जातो, तोही परीक्षकांचा, आणि बोर्ड गेमचा. तिथलं नाव बघून रोलप्लेइंगचं पुस्तक शोधत बसू नका.

एवढं सगळं सांगूनही मी दर जुलैत मत देतो, न चुकता. बाहेर पावसाची झड लागलेली असते आणि आम्ही यादी घेऊन बसतो. एन्नीत नकाशांना, मांडणीला, लेखनाला, आतल्या चित्रांना वेगवेगळे विभाग आहेत. पुस्तकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात ज्यांची नावं असतात, त्यांना कुणीतरी दूरच्या गावातून ‘तुझा नकाशा आम्ही टेबलावर पसरला होता’ असं सांगण्याची दुसरी वाट मला माहीत नाही. माझी धाकटी बहीण आमच्यासाठी नकाशे काढते. एका नकाशाला किती संध्याकाळी जातात ते मी घरातच बघतो.

आणि मतदारांच्या म्हणण्याला वजन असतं. 2023 मध्ये एन्नीने कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेला मजकूर वा चित्रं असलेल्या पुस्तकांना काही अटींवर प्रवेश ठेवला होता. लोकांनी जोरदार विरोध केला, आणि 2025-26 च्या फेरीपासून अशा साहित्याला दार बंद झालं. चित्रकारांच्या बाजूने बोलणारे हे लोक म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे खेळणारेच.

मत देताना एकच नियम पाळा, पण कडक पाळा: जे वाचलं किंवा खेळलं नाही, त्याला मत नाही. विभाग कोरा राहिला तर राहू दे. मित्राने यादी पाठवून ‘ह्यांनाच टाक’ म्हटलं तर टाकू नका. विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांत 2015 मध्ये काही गटांनी ठरवून याद्या चालवल्या, नामांकनं त्यांनी भरून गेली. शेवटी मतदारांनी पाच विभागांत ‘कुणालाच नाही’ हा पर्याय जिंकवला. त्या विभागांत त्या वर्षी पुरस्कारच दिला गेला नाही.

ह्यूगोची पसंतीक्रमाची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे, आणि आम्ही ती आमच्या टेबलावर घेतली. दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही वर्षाचं मतदान करतो. जो त्या खेळाला हजर होता त्यालाच त्या खेळावर मत. चिठ्ठीवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहायची. ‘कुणालाच नाही’ हेही चालतं. मागच्या वेळी आठवणीतल्या प्रसंगाच्या विभागात पहिल्या पसंतीची मतं 5, 4 आणि 2 अशी पडली. नुसतं मोजलं असतं तर 5 वाला जिंकला असता. पण अकरा जणांत निम्म्याहून जास्त म्हणजे 6 हवेत. म्हणून 2 मतांचा प्रसंग बाद केला आणि त्या दोघांची दुसरी पसंती पाहिली. दोघांनीही 4 वाल्याचं नाव लिहिलं होतं. 6 विरुद्ध 5. जिंकलेला प्रसंग आमच्या कन्नड बोलणाऱ्या गड्याचा होता: राजहंसगडावर बेतलेल्या किल्ल्याच्या दारात पहारेकऱ्याशी तो सरळ कन्नडात बोलला आणि आम्ही एकही फासा न टाकता आत गेलो.

बक्षीस कुंद्याचा डबा. तो त्याने तिथेच उघडला. रिकामा झाल्यावर मी धुऊन ठेवलाय, झाकणाला चीर पाडून. या दिवाळीत चिठ्ठ्या त्यातच पडतील.