रोजच्या रस्त्यावर पुन्हा काहीतरी नवीन दिसायला हवंय?
पणजी-रायबंदर रोज बसने ये-जा करून रस्ता दिसायचाच बंद होतो, माझं तेच झालेलं, 1633-34 मधे बांधलेला एवढा लांब पूल पण लक्षातच येईना.

1. आठवड्यातून एकदा नेहमीच्या उलट बाजूच्या सीटवर बसा. पणजीहून जाताना डावीकडे मांडवी, उजवीकडे खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याची सखल जमीन. मी कायम नदीकडे बसायचे, परवा पहिल्यांदा खाजनात एका पायावर उभा बगळा बघितला, चिखलाचा खारट वास पण आला, इतकं बरं वाटलं!
2. मोबाईल बॅगेत. फोटो पण नको.
3. दिसलेली एकच गोष्ट घरी सांगा, सांगायचीय म्हटलं की नजर आपोआप शोधते.

रोज सीट बदलू नका, त्याचीही सवय होते. आणि स्कूटर चालवताना हे अजिबात नको.