हंगामाच्या सुरुवातीची संगणकी क्रमवारी कशी वाचावी: अमेरिकेतलं महिला कॉलेज बास्केटबॉल

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत महिला कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत संगणकाने काढलेल्या क्रमवाऱ्या दिसू लागतात. नावाजलेला संघ कुठेतरी खाली, आणि कधी न ऐकलेला संघ एकदम वर. पाहणाऱ्याला वाटतं, संगणकाचं काहीतरी बिनसलंय. खरं तर त्याच्याकडे सामनेच कमी असतात. पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेहून जास्त संघ, आणि प्रत्येकाचे जेमतेम पाच-सहा सामने झालेले. म्हणून यादी वाचायची ती पुढच्या क्रमाने.

१. यादी कुणाची, ते बघा. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेचा पोल १९७६ पासून चालत आलाय. तिथे माणसं मतं देतात, म्हणून तो बाजूला ठेवा. एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेची, अधिकृत संगणकी क्रमवारी म्हणजे ‘नेट’. महिलांसाठी ती २०२०-२१ च्या हंगामापासून आली आणि सहसा डिसेंबरच्या सुरुवातीला पहिल्यांदा जाहीर होते. त्याआधी आरपीआय नावाचं सूत्र होतं: २५ टक्के वजन स्वतःच्या विजयांना, ५० टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या आणि २५ टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना. किती गुणांनी जिंकलात, याला त्यात काडीची किंमत नव्हती.

२. आकड्याआधी वेळापत्रक उघडा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. नोव्हेंबरमध्ये मोठी विद्यापीठं छोट्या संघांना पैसे देऊन आपल्या मैदानावर खेळायला बोलावतात, आणि सामने एकतर्फी होतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ संघ सरासरी २८ गुणांनी जिंकतोय, पण त्याचे प्रतिस्पर्धी साधारण संघापेक्षा १८ गुणांनी कच्चे आहेत. म्हणजे ‘अ’ची खरी ताकद १०. ‘ब’ संघ सरासरी ८ गुणांनीच जिंकतोय, पण समोरचे संघ साधारण संघापेक्षा ९ गुणांनी सरस आहेत. ‘ब’ची ताकद १७. चकचकीत निकाल ‘अ’चे, चांगला संघ ‘ब’.

आता खरी अडचण. ते १८ आणि ९ कुठून आले? त्या प्रतिस्पर्ध्यांच्या स्वतःच्या सामन्यांवरून, आणि ते सामने ज्यांच्याशी झाले त्यांच्या सामन्यांवरून. आकडे स्थिर होईपर्यंत संगणक हे गणित पुन्हा पुन्हा फिरवतो. पण नोव्हेंबरमध्ये संघासंघांना जोडणारे धागे इतके विरळ असतात की एक सामना उलटा लागला तरी साखळीतले कितीतरी संघ वर-खाली होतात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास त्रयस्थ मैदानांवर छोट्या स्पर्धा होतात, तिथे दूरदूरचे संघ भिडतात. माझ्या मते त्या सामन्यांचे निकाल आधी वाचावेत, बाकीचे नंतर.

३. गुण पझेशनमागे मोजा. पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतची एक पाळी. स्कोअरकार्डवरून ती अशी काढतात: बास्केटचे प्रयत्न, वजा आक्रमणातले रिबाउंड (आपलाच हुकलेला चेंडू परत पकडणं), अधिक टर्नओव्हर (प्रयत्न न करताच चेंडू गमावणं), अधिक फ्री थ्रो (फाउलमुळे मिळालेली मोकळी फेक) गुणिले ०.४७५. समजा ६२ प्रयत्न, ११ रिबाउंड, १४ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो, झाली ७४.५ पझेशन. तेवढ्यात ७८ गुण केले, तर शंभर पझेशनमागे १०४.७. समोरच्यांचे गुणही याच मापाने मोजून वजा करा. धावपळीचा संघ आणि संथ संघ मग एकाच तराजूत बसतात.

४. गेल्या वर्षाचं वजन किती, ते शोधा. काही खासगी क्रमवाऱ्या सुरुवातीला मागच्या हंगामाचा आधार घेतात. घरच्या घरी करायचं तर जुन्या ताकदीचे सहा काल्पनिक सामने मिसळा. मागची ताकद २०, यंदा पाच सामन्यांत १०, तर मिश्रण १५.५, पंचवीस सामन्यांनंतर तेच ११.९ वर येतं. जुनं वजन आपोआप ओसरतं.

पण खेळाडू बदलले तर हा आधारही फसवतो. २०२३-२४ च्या हंगामाआधी साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या, आदल्या वर्षी सामना सुरू करणाऱ्या पाचही खेळाडू संघ सोडून गेल्या होत्या. हंगामाआधीच्या एपी पोलमध्ये संघ सहावा. ६ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये त्यांनी नोत्र दामला १००-७१ हरवलं. त्याच दिवशी अव्वल मानलेला, गतविजेता एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) कोलोरॅडोकडून ९२-७८ असा हरला. पुढच्याच पोलमध्ये साउथ कॅरोलायना पहिला, आणि हंगाम संपला तो ३८ विजय, शून्य पराभवांवर. म्हणून क्रमवारी वाचताना शेजारी यंदाची खेळाडूंची यादी ठेवाच.

५. क्रमांकाऐवजी अंतर बघा. बाराव्या आणि तिसाव्या संघात दोन-तीन गुणांचाच फरक असेल, तर डिसेंबरमध्ये त्यांना बरोबरीचे समजा.

डिसेंबरची यादी उतरवून ठेवा. जानेवारीत कॉन्फरन्सचे, म्हणजे संघांच्या ठरलेल्या गटातले, सामने रंगात आले, एकाच गटातले संघ एकमेकांच्या घरी खेळू लागले, की नवी यादी तिच्या शेजारी मांडा. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी ६८ संघ निवडले जातात आणि वरच्या १६ संघांना पहिल्या दोन फेऱ्या घरच्या मैदानावर मिळतात. त्या सोळाव्या जागेच्या आसपास कोण सरकतंय, ते तेव्हापासून दर आठवड्याला बघा.